पऱ्याचे पाणी आणि गावची वीज

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला या संमेलनाचे आमंत्रण दिले, तेव्हा विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. ‘तरुणांच्या उपयोगी पडेल असे काही बोला,’ एवढीच त्यांची सूचना होती. माझे बहुतेक आयुष्य वाहते पाणी मोजण्यात गेले आहे. वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे. तेव्हा ज्या एका प्रश्नाचे उत्तर मला थोडेफार ठाऊक आहे, तोच प्रश्न आज आपणांपुढे ठेवतो. हा प्रश्न माझा नव्हे, आपलाच आहे. गणपतीहून परतलेला कोणी ना कोणी बांधव दरवर्षी मला गाठतो आणि म्हणतो, “काका, आमच्या गावचा पऱ्या यंदा नुसता गर्जत होता. एवढे पाणी फुकट समुद्राला जाते. त्यावर गावापुरती वीज का होऊ नये?”

प्रश्न रास्त आहे. कागदोपत्री पाहू जाता आपल्या देशातील वीज न पोहोचलेले शेवटचे खेडे २८ एप्रिल २०१८ रोजी उजळले. मणिपूरमधील लेसांग हे ते खेडे. आपल्या कोकणातील गावांत तर त्यापूर्वी कित्येक वर्षे खांब उभे राहिले होते. परंतु खांब असणे निराळे आणि आषाढातल्या रात्री दिवा लागणे निराळे, हे येथे जमलेल्यांस मी सांगावयास नको. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. दिव्याची गोष्ट एक वेळ सोडा. विहिरीवरचा पंप बंद, त्यामुळे नळाला पाणी नाही, आणि मुंबईस खुशाली कळवावयाची तर फोन भरण्याची सोय नाही. घराच्या मागे मात्र पऱ्या दुथडी भरून वाहत होता. अशा वेळी त्या पाण्याकडे पाहून मनात विचार येणे स्वाभाविक आहे.

म्हणून पऱ्यात वीज किती आहे, हे ठरवावयाचे कसे, ते प्रथम सांगतो. हिशेब अगदी सोपा आहे, आणि तो सोपा आहे म्हणूनच माणसे त्यात फसतात. पाण्यापासून मिळणारी शक्ती दोनच गोष्टींवर अवलंबून असते: दर सेकंदास किती पाणी येते आणि ते किती उंचीवरून खाली येते. एका सेकंदास एक लिटर पाणी एक मीटर खाली आले, तर त्यात सुमारे ९.८ वॅट शक्ती असते. नळातील घर्षण, जलचक्राची आणि जनित्राची तूट ही वजा जाता लहान यंत्रात जेमतेम निम्मी हाती लागते, म्हणजे ५ वॅट धरावी. हा ५ चा आकडा एवढा लक्षात ठेवला तरी पुरे. सेकंदास १० लिटर पाणी ४० मीटर उंचीवरून आणता आले तर १० गुणिले ४० गुणिले ५, म्हणजे २,००० वॅट, अर्थात २ किलोवॅट. जाहिरातीत कोणी याहून फार मोठा आकडा दाखवू लागला, तर त्याला ‘तूट किती धरलीत?’ एवढेच विचारावे.

यांपैकी उंची मोजणे सोपे. तिच्यात फसवणूक नाही. डोंगर आज आहे तेवढाच उद्या आहे. त्यासाठी महागडी दुर्बीणही लागत नाही. गवंडी जोत्याची पातळी काढण्यास पाण्याने भरलेली जी पारदर्शक नळी वापरतो, ती आणि खुणा केलेली एक काठी घेऊन दोन माणसे वरपासून खालपर्यंत टप्प्याटप्प्याने उतरत आली, की सकाळच्या प्रहरात काम होते. मात्र एक इशारा देतो. हल्ली तरुण मंडळी खिशातील फोन काढून ‘येथे समुद्रसपाटीपासून इतके मीटर’ असे सांगतात. फोनच्या त्या आकड्यात दहा-वीस मीटरचा फरक सहज पडू शकतो, आणि आपल्या पऱ्याची सारी उंचीच जेथे वीस मीटर, तेथे त्या आकड्याचा उपयोग काय? सर्वेक्षण खात्याच्या नकाशावरील समोच्च रेषाही वीस-वीस मीटरच्या अंतराने असतात. नकाशावरून जागा हेरावी. उंची नळीनेच मोजावी.

खरे काम आहे ते पाणी मोजण्याचे. पाणी डोंगरासारखे स्थिर नसते. त्याच्या मोजणीच्या तीन-चार रीती आहेत. झरा लहान असेल तर सारे पाणी एका पन्हळीतून पिंपात सोडावे आणि पिंप भरावयास किती सेकंद लागतात ते पाहावे. याइतकी बिनचूक रीत दुसरी नाही. पऱ्या मोठा असेल तर त्याचा सरळ वाहणारा एखादा तुकडा निवडून त्यात लिंबू सोडतात, ठराविक अंतर ते किती वेळात काटते हे पाहतात, आणि पात्राच्या छेदाच्या क्षेत्रफळाने त्या वेगास गुणतात. परंतु लिंबू तरंगते पृष्ठभागावर, आणि तेथेच पाणी सर्वांत चपळ असते; तळाशी, गोट्यांमधून, ते अडखळत जात असते. म्हणून आलेल्या आकड्यास सिमेंटच्या पाटात ०.८५ च्या आसपास आणि आपल्यासारख्या खडकाळ पात्रात ०.६ किंवा त्याहूनही कमी आकड्याने गुणावे लागते. हे गुणावयाचे विसरले की कागदावर पाणी दीडपट होते! जेथे पाणी इतके उसळते की लिंबाची वाटच सरळ राहत नाही, तेथे मिठाचे द्रावण टाकून खाली पाण्याची विद्युत्‌वाहकता तपासण्याची रीत आहे; ती जाणकाराकडून करवून घ्यावी.

माझी आवडती रीत मात्र खाचेच्या बांधाची. पत्र्याला किंवा फळीला नव्वद अंशांची त्रिकोणी खाच पाडावयाची, ती फळी पऱ्यात आडवी रोवून बाजूंनी मातीने बुजवून घ्यावयाची आणि सर्व पाणी खाचेतूनच जाईल असे करावयाचे. मग खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजावी. ती खाचेच्या तोंडाशी नव्हे, तर दोन-तीन हात मागे, जेथे पाणी संथ असते तेथे. ही उंची १० सेंटिमीटर भरली तर पाणी सेकंदास सुमारे साडेचार लिटर. आता २० सेंटिमीटर भरली तर किती? बहुतेक लोक म्हणतात, नऊ लिटर. वस्तुतः ते जवळजवळ पंचवीस लिटर असते! उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून अधिक होते. डोळ्यांच्या अंदाजावर का विसंबू नये, हे त्या खाचेपाशी उभे राहिल्यावर जितके पटते तितके व्याख्यानाने पटत नाही. शिवाय ही फळी जागेवर राहते. गावातील शाळकरी मुलगासुद्धा रोज सकाळी तिच्यावरील आकडा वहीत उतरवू शकतो.

आणि येथेच माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांस सांगणे माझे कर्तव्य आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संस्थेच्या वतीने मी सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीत पाहणीस गेलो होतो. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण दोष माझा होता. भाद्रपदाचे दिवस, पऱ्या भरलेला, वाडीतील माणसे उत्साहाने पुढे. मी लिंबू सोडले, छेद मोजला, ०.६ ने गुणलेदेखील. सेकंदास ६० लिटर पाणी आणि १८ मीटर उंची. म्हणजे सुमारे साडेपाच किलोवॅट. त्या वेळी घरटी एक साठ वॅटचा दिवा आणि एक चाळीस वॅटची नळी धरली, तर चाळीस घरांस चार किलोवॅट पुरे. हिशेब तर चोख जमला. लोकांनी वर्गणी जमविली, स्त्रीपुरुषांनी श्रमदानाने पाट खणला, यंत्र बसले. दिवाळीस वाडीत दिवे लागले तेव्हा मीही तेथे होतो, आणि माझा हार घालून सत्कार झाला.

होळीच्या सुमारास मला पत्र आले. मी गेलो. पऱ्यात तीन लिटर पाणीही नव्हते. हिशेबाने त्यातून पावणेतीनशे वॅट यावयास हवी होती. परंतु साठ लिटरसाठी घडविलेले जलचक्र तीन लिटरने नीट फिरतच नाही, त्यामुळे तेवढीही येत नव्हती. एक वृद्ध गृहस्थ यंत्रघराच्या पायरीवर बसले होते. ते मला रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “साहेब, पऱ्या दर वर्षी माघात आटतो. तुम्ही विचारले असते तर सांगितले असते.” मी विचारले नव्हते. माझ्याजवळ मोजणीची साधने होती, म्हणून मला विचारावेसे वाटले नव्हते.

आपल्या भागात वर्षाच्या पावसापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ही गोष्ट मोठमोठ्या योजनाकारांनाही सुटलेली नाही. टाटांनी १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू केले, ते काही लोणावळ्याच्या ओढ्यांच्या वाहत्या पाण्यावर नव्हे. वळवण, लोणावळा, शिरवटा येथे तलाव बांधून चार महिन्यांचे पाणी त्यांनी बारा महिन्यांसाठी साठविले, आणि मगच ते दीड हजार फुटांहून अधिक खोल घाटाखाली सोडून मुंबईच्या गिरण्या चालविल्या. कोयनेचेही मर्म तेच: प्रथम शिवसागर, नंतर वीज. वाडीच्या पऱ्यावर आपण तलाव बांधू शकत नाही. बांधू गेलो तर त्यात कोणाचे शेत बुडेल, हा प्रश्न त्या क्षणीच उभा राहील. याउलट हिमालयातील पाण्याला बर्फाचा आधार असतो. उन्हाळ्यातही ते आटत नाही. म्हणून तेथे शतकानुशतके घराटावर दळण दळले गेले, नेपाळच्या डोंगरात खेड्याखेड्यांत लहान जलविद्युत् यंत्रे उभी राहिली, आणि भारतातील पहिले जलविद्युत् केंद्रही १८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथेच झाले. तेथील अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकांतील कोष्टके जशीच्या तशी उचलून सह्याद्रीस लावली, तर माझी झाली तशी फजिती होते.

देशातील लहान जलविद्युत् शक्तीचा सरकारी अंदाज सुमारे २१,००० मेगावॅटचा असून त्यासाठी सात हजारांहून अधिक स्थळे नोंदलेली आहेत. २५ मेगावॅटपर्यंतचे केंद्र हे आपल्याकडे ‘लघु’ गणले जाते. महाराष्ट्रातही धरणांच्या पायथ्याशी अशी केंद्रे आहेत. पानशेत आणि वरसगाव येथे प्रत्येकी ८ मेगावॅटची आहेत. परंतु त्या यादीत आपला पऱ्या शोधू नका. तिचा हिशेब मेगावॅटचा, आपला किलोवॅटचा. आपल्या पऱ्याची मोजणी कोणत्याही खात्याने केलेली नाही आणि पुढेही कोणी करील असे मला वाटत नाही. ती आपणच करावयाची आहे.

तर मग पऱ्या माघात आटतो म्हणून हा विचारच सोडून द्यावा काय? काही वर्षे माझेही तसेच मत होते. ‘निसर्ग’ वादळानंतर ते बदलले. पूर्वी ज्या वाडीत वीजच नव्हती, तिला बारा महिने पुरेल एवढेच पाणी पाहणे भाग होते. आज बहुतेक वाड्यांत महावितरणची वीज आहे. ती जाते केव्हा? झाडे पडतात तेव्हा, वारा सुटतो तेव्हा, म्हणजे नेमकी पाऊसकाळात. आकाश दिवसचे दिवस झाकोळलेले असल्यामुळे छपरावरील सौर तावदानांचा जोरही त्याच काळात सर्वांत कमी. आणि पऱ्याला पाणी केव्हा? त्याच काळात! जो पऱ्या एकट्याने संसार चालवू शकत नाही, तो अडचणीच्या चार-पाच महिन्यांत हात देऊ शकतो. शिवाय गरजही आकसली आहे. साठ वॅटच्या दिव्याचे काम आज ९ वॅटचा एलईडी करतो. घरटी तीन दिवे धरले तरी चाळीस घरांना १,१०० वॅट पुरतात. राहिलेल्या विजेवर फोन भरता येतील आणि पाणीपुरवठ्याचा एखादा लहान पंप चालेल. शेजारच्या कर्नाटकात, मलनाडच्या बागायतदारांनी घरामागच्या ओहोळावर एक-एक किलोवॅटची यंत्रे बसविली आहेत. तीही मुख्यतः पावसाळ्यातीलच सोबत आहे.

म्हणजे ‘पऱ्यात वीज किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या महिन्यात किती, आणि ती कशासाठी हवी?’ असे विचारले पाहिजे. बारा महिन्यांचा दिवा हवा असेल तर वैशाखातील पाणी मोजा, आणि तेवढ्यावरच यंत्र घडवा. पावसाळ्यातील आधार हवा असेल तर आषाढापासून कार्तिकापर्यंत पऱ्या किती दिवस कोणत्या उंचीने वाहतो ते वहीत लिहा, आणि त्यांतील जे पाणी बहुतेक दिवशी असते ते धरा; महापुराचा आकडा धरू नका. एक सावधगिरी मात्र कधीही विसरू नये. आपले यंत्र चालू असताना महावितरणच्या तारेशी त्याचा संबंध पूर्णपणे तुटेल असा चेंजओव्हर स्विच असलाच पाहिजे. नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल.

पाहणीस जाणारा माणूस वर, उगमाकडे पाहतो. त्याने खालीही पाहावे. धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे उदई नदीच्या धबधब्यावर २००३ साली १५ किलोवॅटचे केंद्र उभे राहिले. केरळातील तरुण अभियंते आणि नर्मदाकाठचे आदिवासी बांधव यांनी श्रमदानाने ते उभारले होते, आणि ते चालले होते. २००६ च्या पावसाळ्यात पुराच्या आणि सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पाण्याने ते यंत्रघर बुडविले. त्या धरणाच्या वादात मी येथे शिरत नाही. परंतु ज्यांनी दगड वाहिले त्यांच्या तीन वर्षांच्या उजेडाचे काय झाले, हे मनात आल्यावाचून मला कोणत्याही यंत्रघराची जागा दाखविता येत नाही. आपल्या पऱ्याच्या खाली धरण नसेल, पण खाडीचे भरतीचे पाणी असते, मोठ्या नदीचा पूर असतो. जुन्या माणसांना विचारून पुराची खूण कोणत्या झाडाला लागली होती ते पाहावे, आणि यंत्र तिच्या वर ठेवावे.

आता एक गोष्ट जरा संकोचाने सांगतो. गेल्या वर्षी आपल्यापैकीच काही बांधवांच्या आग्रहावरून मी एका गावी गेलो होतो. तेथे फार चांगली जागा आहे. वर जांभ्याचा सडा; त्यात मुरलेले पाणी पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर पडते आणि फाल्गुनापर्यंत टिकते. पूर्वजांनी पोफळीच्या बागांसाठी आणलेला पाटही आहे. मंडळींनी घरांची यादी तयार ठेवली होती: बावीस घरे. मी पाट धरून वर चालत गेलो. जेथून पाणी उचलावयाचे आणि जेथे ते पुन्हा पऱ्यात सोडावयाचे, त्यांच्या दरम्यान पलीकडच्या अंगाला दुसरी एक वाडी आहे. त्या वाडीची माणसे पऱ्याच्या त्याच टप्प्यावर पाणी भरतात. जलचक्र पाणी पीत नाही हे खरे. जितके वर घ्यावे तितके ते खाली परत देते. परंतु मधला टप्पा कोरडा पडतो. आमच्या यादीत त्या वाडीतील एकही घर नव्हते. ‘ते आपल्यातले नाहीत,’ असे मला सांगण्यात आले.

मी ती यादी परत केली. अभियंता या नात्याने केली, आणि आपला ज्ञातिबांधव या नात्यानेही केली. ज्यांचे पाणी मोजावयाचे त्यांची घरे मोजावयाची नाहीत, अशा हिशेबावर मी सही करू शकत नाही. तो हिशेब अन्यायाचा तर आहेच. शिवाय तो चुकीचाही आहे, कारण पाटाच्या पाळीवरून पहिल्याच चैत्रात भांडण होऊन यंत्र बंद पडणार, हे कोणीही सांगू शकेल. पुढे त्या गावी दोन्ही वाड्यांची बैठक झाली. ती सुरळीत झाली असे मी म्हणणार नाही. परंतु आता यादीत एकोणचाळीस घरे आहेत, पिण्यासाठी मधल्या टप्प्यात नेहमी किती पाणी सोडावयाचे ते ठरले आहे, आणि खाचेची फळी रोवून तिचा आकडा रोज लिहिण्याचे काम त्या पलीकडच्या वाडीतील एका मुलीने पत्करले आहे. यंत्र अद्याप घेतलेले नाही. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे यांची नोंद झाल्याखेरीज घ्यावयाचे नाही, असे मी त्यांना सांगितले आहे. पहिल्या वर्षाची वही नुकतीच माझ्याकडे आली. तीत श्रावणातील चार दिवस कोरे आहेत. पुरामुळे फळीपर्यंत जाता आले नाही, असे तेथे लिहिले आहे. अंदाजाने आकडा भरला नाही, याबद्दल मी त्या मुलीस मुद्दाम पत्र लिहून शाबासकी दिली.

आपण मुंबईकर मंडळी गावी जातो ती दोनदा: गणपतीस आणि मे महिन्यात. गणपतीत जो पऱ्या दिसतो त्यावरून आपण स्वप्न पाहतो. मे महिन्यात तोच पऱ्या दिसतो, पण तेव्हा आपले लक्ष आंब्या-फणसांत असते. यंदाच्या मे महिन्यात प्रत्येक गावच्या निदान दोघा तरुणांनी पऱ्याच्या काठी एक सकाळ घालवावी, एवढीच माझी विनंती आहे. पाणी मोजावे, ते आटलेले असेल तर कोणत्या तिथीस आटले हे वृद्धांस विचारून लिहून ठेवावे. वर किती जण ते पाणी वापरतात आणि खाली किती, तेही लिहावे. त्रिकोणी खाचेची एक फळी मी नमुन्यादाखल सुताराकडून करवून आणली आहे. संमेलन संपल्यावर ती कार्यालयाच्या व्हरांड्यात बादलीभर पाण्यासह मांडून ठेवतो; ज्यांना तिचे माप उतरवून घ्यावयाचे असेल त्यांनी यावे. येताना पट्टी आणि पेन्सिल मात्र आपापली आणावी.